सूनबाईला माहेरी धाडा

"वीट झालीय हो," तो म्हणाला.

हेडफोनमध्ये त्याच्यामागे पाऊस वाजत होता. पत्र्यावरचा, दणदणीत. माझ्याकडेही पाऊस होता, पण काचेपलीकडे, मुका. आमच्या ऑफिसच्या खिडक्या उघडतच नाहीत.

"वीट आलाय म्हणायचंय का, सर?" मी म्हणाले. "मलाही आलाय. तक्रार सांगा."

तो हसला. तक्रार करायला फोन केलेला माणूस हसतो, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आला नाही, झाली. वायफायच्या डब्याची. दिवा नाही, धुगधुगी नाही. भिंतीत बसवावी अशी अस्सल वीट."

मी ताठ बसले. राऊटरची वीट होणं हा शब्द कुणाचा, ते मला ठाऊक होतं. काही खटपटे लोक राऊटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर उपसून टाकतात आणि आपल्या मनासारखं दुसरं भरतात. फर्मवेअर म्हणतात त्याला. भरताना काही बिनसलं की डबा मरतो, त्याची वीट होते. मीही त्यातलीच. एकट्या खोलीत रविवारचं काय करायचं हे मला जगात कुणी सांगितलं नाही, म्हणून मी एक जुना राऊटर उघडून बसले. गुरू नाही, क्लास नाही. विटा पाडत पाडत शिकले.

पण ऑफिसात यातलं चकार शब्दानं बोलायची सोय नव्हती. मी इंटरनेट कंपनीच्या तक्रार केंद्रात बसते. दिवसभर लोक माझ्यावर खेकसतात आणि मी "समजू शकते, सर" म्हणते. कप्पाळ समजते! ग्राहकानं बाहेरचं फर्मवेअर घातलं असेल, तर एक छापील वाक्य वाचायचं आणि फोन ठेवायचा, हा नियम. कुणाला दयामाया सुचू नये म्हणून प्रत्येक कॉल ऐकणारं यंत्रही बसवलंय. 'फर्मवेअर' हा शब्द निघाला, कुणाच्याही तोंडून, की लाल खूण. त्यानंतरही मदत केली की नोकरीवरून छुट्टी.

"त्याचं काय झालं," तो सांगू लागला, "मी त्यात ते दुसरं फर्म—"

"थांबा!" मी किंचाळलेच.

शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी माना वळवल्या. तेवढ्यात त्याच्या घरातून म्हातारा, खणखणीत आवाज आला, "अरे, माझा घोडा अडकलाय तिकडे! सांग त्या बाईला!"

"घोडा?"

"माझे बाबा," तो ओशाळून म्हणाला. "पाय गेलेत त्यांचे, मागच्या खोलीत असतात. मित्राशी बुद्धिबळ खेळतात, मित्र दुसऱ्या गावी. डाव अर्धा राहिलाय. तुमच्या डब्याची रेंज मागच्या खोलीपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून मी त्यात—"

"म्हणून तुम्ही घरात नवी सून आणलीत," मी म्हणाले.

हे कुठून सुचलं, देव जाणे. फोनवर नुसता पाऊस... मग अगदी सावकाश तो म्हणाला, "आणली. फार गुणाची होती हो. काल तिला जरा नवं रूप द्यायला गेलो आणि ती कोसळली."

कळलं होतं त्याला!

"नवं रूप देताना जुन्या सवयी तशाच ठेवल्यात का?"

"ठेवल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायचा कंटाळा."

"तिथंच घोळ झाला. आता तिला आधी माहेरी धाडायचं."

"माहेरी म्हणजे मूळचं, कंपनीचं...?"

"माहेरी म्हणजे माहेरी, सर!"

"हो हो. माहेरी."

"तिची वायर काढा. पाठीमागं बारीक भोक आहे ना? तो कान. टाचणीनं कान दाबून धरा... आणि तसाच दाबून ठेवून वायर लावा. सोडू नका."

"नाही सोडत."

"मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"तुम्ही म्हणेपर्यंत नाही सोडणार," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज उगाचच खाली गेला.

"डोळा मिचकावते का?"

"...नाही."

"धरून ठेवा."

"धरलंय."

"आता?"

"अं... मिचकावला! भराभर मिचकावतेय!"

"सोडा," मी म्हणाले, आणि मग लक्षात आलं की मीसुद्धा श्वास धरून बसले होते.

त्यानं कॉम्प्युटरवरून तिला माहेरचं सॉफ्टवेअर पाठवलं. ती उठली. मग नवं भरलं, या खेपेला जुन्या सेटिंग्ज पुसून. आतल्या खोलीतून आरोळी आली, "सुटला घोडा!" शेवटचं सक्तीचं वाक्य मी म्हटलं, "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

"करू शकाल," तो म्हणाला. "पण काय मागायचं ते ठरवायला मला जरा वेळ लागेल."

पुढचा कॉल आला. कुणीतरी माझ्या आईचा उद्धार केला. मी म्हणाले, "समजू शकते, सर."

*

घरी गेल्यावर मी दिवा न लावता बसले. माझी खोली चांगली आहे. खिडकी उघडते. ताई कधीमधी फोन करते, स्थळं सांगते, ठेवून देते. दिवसभर माझ्या कानात सगळ्या शहराचं भांडण आणि घरी आल्यावर माझा आवाज ऐकायला मी सोडून कुणी नाही. मी हे रडत सांगत नाही, संतापानं सांगते. माणसाला माणूस लागतं, यात लाजण्यासारखं काय आहे? लाज त्यांना वाटावी, ज्यांनी शेकडो माणसं एका हॉलमध्ये बसवून प्रत्येकाच्या कानाला टोपण लावलं.

काही दिवसांनी ऑफिसात त्याचा फोन पुन्हा मलाच लागला. आमच्याकडे कुणाचा फोन कुणाला जाईल याचा नेम नसतो.

"कसे काय लागलात?" मी विचारलं.

"दुसऱ्यांचा आवाज आला की फोन कापत गेलो. आता तुमचे सहकारी मला शिव्या देत असतील."

"देतात. सगळ्यांनाच देतात. तक्रार?"

"घरात जाऊबाई आणलीय."

म्हणजे दुसरा राऊटर. बाबांच्या खोलीसाठी.

"मग?"

"दोघींचं पटत नाही. बाबांचा फोन कधी हिचं ऐकतो, कधी तिचं, शेवटी कुणाचंच नाही."

"दोघीही मालकीण होऊन बसल्यात," मी म्हणाले. घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटून द्यायचं काम एकाच राऊटरनं करायचं असतं. इथं दोघी वाटत सुटल्या होत्या. "घरात मालकीण एकच हवी. जाऊबाईचे अधिकार काढून घ्या. तिनं फक्त निरोप पोचवायचे."

"कठोर आहात."

"मला इथं मिरची म्हणतात."

"मी दात बनवतो," तो म्हणाला.

"डेंटिस्ट?"

"छे! डेंटिस्ट काढतात. मी बनवतो, कवळ्या. पुढच्या खोलीत माझं काम. समोर फळीवर ओळीनं सगळ्या गावाचं हसू मांडलेलं असतं... आणि ऐकणारं कुणी नसतं."

कवळी घासायच्या घासपट्टीचा खरखर आवाज येत होता. मला दुसऱ्या बाजूनं तो ऐकू यायचा, मग थांबायचा, मी बोलू लागले की.

"अरे, तिला विचार, जेवलीस का!" बाबा आतून.

"बाबा विचारतायत..."

"ऐकलं," मी म्हणाले. "सांगा, जेवले म्हणावं."

नव्हते जेवले.

मग तो येत राहिला. कधी शेजारपाजारच्या वायफायच्या गलक्यात सूनबाईचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मी तिला वेगळ्या चॅनेलवर बसवलं. कधी ती मुळात ठीकच होती.

"आज काय दुखतंय तिचं?"

"आज... काही नाही. आज ती विचारत होती, तिकडे पाऊस आहे का?"

"दिसतोय. ऐकू येत नाही."

"थांबा," तो म्हणाला. आणि फोन खिडकीबाहेर धरला. कितीतरी वेळ.

*

मॅडमनं काचेच्या खोलीत बोलावलं. आमची टीम लीडर. माझ्याहून लहान, पण खुर्ची मोठी.

"तुझ्यावर लाल खूण एकही नाही," ती म्हणाली. "पण वरच्यांनी हे ऐकायला पाठवलंय."

बटण दाबलं. माझाच आवाज. *कान दाबून धरा. सोडू नका.* मग, *घरात मालकीण एकच हवी. जाऊबाईचे अधिकार काढून घ्या.* मग, *ऐकतच नसेल तर पुन्हा माहेरी धाडा.*

मला हसू फुटलं.

"हसतेस? हा माणूस घरातल्या दोन बायकांचा छळ करतोय आणि तू त्याला धडे देतेयस! नाव-पत्त्यासकट पोलिसांत पाठवतोय आम्ही. कंपनीवर बालंट नको."

हसू गेलं. एक शब्द म्हटला असता, तर तो सुटला असता आणि मी गेले असते. आणि मी गप्प राहिले. खरं सांगते, घाबरले. ही नोकरी गेली तर माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं... शिव्या देणारंसुद्धा.

मॅडमनं स्पीकर लावून त्याला फोन केला. "तुमच्या घरी किती महिला आहेत? आमच्या मुलीनं तुम्हाला काय काय सांगितलं?"

फोनवर घासपट्टी थांबली. त्याला सगळं कळलं असणार, तेवढ्याच वेळात.

"त्या बाईंची काही चूक नाही," तो म्हणाला. "आहेत... घरात दोघी आहेत. भांडणं होती. त्यांनी शांतपणे समजूत घातली."

"कान दाबणं?"

"ते माझं. मी... रागीट आहे जरा."

माझी नोकरी वाचवायला तो बायका मारणारा व्हायला निघाला होता. म्हाताऱ्या बापासमोर! माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोलतोय!" मी फोनवर ओरडले. "फर्मवेअर! फर्मवेअर, फर्मवेअर, लावा किती लाल खुणा लावायच्या त्या! दोन राऊटर आहेत त्याच्या घरी. सून राऊटर, जाऊ राऊटर. मी दुरुस्त करून दिले. त्याला बायको नाही, एकही नाही!"

मॅडमनं भुवई उचलली. "नाही, हे तुला काय ठाऊक?"

"कारण मागं बाईचा आवाज येतोय का, हे मी प्रत्येक कॉलला जीव मुठीत धरून ऐकलंय!"

काचेपलीकडचा अख्खा हॉल बघत होता. स्पीकरमधून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग...

"मीही," तो म्हणाला. "तुमच्यामागं कितीतरी आवाज असतात. त्यातून तुमचा श्वास ओळखायला शिकलोय मी. ऐका, पाण्याच्या टाकीमागची गल्ली. आत शिरलात की उजवीकडं—"

मॅडमनं बटण दाबलं.

मी हेडफोन काढून तिच्या टेबलावर ठेवला. त्याच्या पट्टीनं पाडलेला खड्डा मात्र केसांत तसाच राहिला.

*

पाण्याची टाकी आमच्या शहरात एकच, ती सापडली. मागच्या गल्लीत उजवीकडं घरंच घरं. रिमझिम. संध्याकाळचे दिवे लागत होते. कवळीवाल्याचं घर विचारता आलं असतं, पण मी त्याची कोण म्हणून? माझं नाव त्याला नीट ठाऊक नाही, त्याचं तोंड मला नाही. मी फोन काढला. जवळपासच्या वायफायची नावं एकाखाली एक उमटली, सगळी कंपनीनं दिलेली, नंबरवाली, कैद्यांसारखी. दोन घरं पुढं गेले आणि त्यांच्या तळाशी एक आलं, अगदी अंधूक... 'सूनबाई'.

पुढं गेले, एक रेघ वाढली. बोळात वळले, कमी झाली. मागं आले. एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "रस्ता चुकलीस का गं?" मी म्हणाले, "नाही आजी, रेंज शोधतेय."

ज्यानं दार उघडलं, त्याचे हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे होते. आवाज उंच होता हो त्याचा, आणि माणूस बुटका निघाला. कान मोठे. मीही त्याच्या मनातल्यासारखी नसणार, त्याच्या नजरेत क्षणभर दिसलंच.

"आलात," तो म्हणाला.

"आले."

बस्स. बाबांना भेटले. त्यांनी पटावरून मान वर न करता म्हटलं, "ही होय ती? बस, पोरी." बसले. चहा झाला. फळीवरच्या कवळ्या दात विचकून आमच्याकडं बघत होत्या. तो टेबल पुसत होता, पुसलेलंच. मी ओढणीचं टोक पिळत होते. इतके दिवस ज्याच्याशी बोलून दिवस निघाला, त्याच्यासमोर मी परक्या दवाखान्यात बसावं तशी बसले होते. मला रडूच यायला लागलं. म्हणजे समोरासमोर आम्ही कुणीच नव्हतो की काय?

मी उठले. "वळा," मी म्हणाले.

"काय?"

"तिकडं तोंड करून बसा. मी इकडं करते."

त्यानं विचारलं नाही. स्टूल ओढलं. मीही ओढलं. माझ्यासमोर भिंत, त्याच्यासमोर खिडकी.

"हं," मी म्हणाले. "बोला आता."

आधी श्वास आला. मग तो आवाज, तोच, पण मधे यंत्र नसलेला. "तुमची नोकरी गेली."

"गेली."

"माझ्यामुळं."

"फर्मवेअरमुळं. फुशारक्या नकोत."

तो हसला, आणि ते हसू मला पाठीत लागलं. आमच्या पाठी टेकल्यात, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी हलले नाही. तोही नाही.

"एकटं वाटतं का हो तुम्हाला?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. भिंतीकडं बघत होते म्हणून उत्तर देता आलं.

"फार," मी म्हणाले. "सकाळी उठल्या उठल्या वाटतं. तुला?"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाढला.

"मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"म्हणाले."

"मला वळायचंय."

"नको," मी म्हणाले. डोळे वाहत होते, वाहू दिले. "इतक्यात नको... अजून थोडं बोल."