फोटोच्या कडेचा हात

एरी शहरातल्या अग्निशमन केंद्राबाहेर, म्हणजे आमच्या मतदान केंद्राबाहेर, आम्ही दोघं सकाळी सातपासून उभे होतो. मी सिनेटर लिंडक्विस्टबाईंची पत्रकं घेऊन, तो गव्हर्नर टॅलमॅज यांची. राष्ट्राध्यक्षपदासाठी आमच्या पक्षाचा उमेदवार कोण, ते ठरवणारं मतदान होतं, आणि पक्षातल्याच लोकांनी चार महिने एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. एप्रिल असूनही सरोवरावरचा वारा बोचत होता. माझ्या हातातली दहा-बारा पत्रकं उडाली, तशी त्यानं धावत जाऊन ती गोळा केली आणि बाहीला पुसून एकेक परत दिली.

"विरोधकाची पत्रकं वाचवतोस?"

"वाचायची होती," तो म्हणाला. "वाचली. पत्रकापेक्षा तू जास्त पटतेस."

मी घाईनं रस्त्याकडे पाहिलं... हसू दिसायला नको म्हणून.

त्याचं नाव डेस्मंड प्रुइट. ओहायोहून आला होता, टॅलमॅज यांच्या प्रचाराच्या ऑफिसात काम करत होता. संध्याकाळपर्यंत आम्ही माझ्या थर्मासमधली कॉफी वाटून प्यायलो. त्यानं माझं नाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते त्याला पाठ होतं, तरी विचारलं.

"रेनाटा," मी पुन्हा सांगितलं.

"हं," तो म्हणाला. "परत ऐकायचं होतं."

लिंडक्विस्टबाई आमच्या राज्यात थोडक्या मतांनी हरल्या. जूनमध्ये त्यांनी माघार घेतली, टॅलमॅज यांना पाठिंबा दिला, टीव्हीवर दोघांनी हातात हात घालून उंच धरले. आमच्या घरी बाबांनी टीव्ही बंद केला.

बाबांचं कारण वेगळं होतं. मतदानाच्या आधीच्या शनिवारी टॅलमॅज यांच्या बाजूनं घरोघरी एक पत्रक आलं होतं. पंपांच्या बंद पडलेल्या कारखान्याचं फाटक, समोर खांदे पाडून उभे असलेले कामगार, आणि खाली ओळ : 'लिंडक्विस्टबाईंनी यांना घरी बसवलं.' फोटोत पुढेच माझे बाबा होते. खरं तर कारखाना वाचवायला बाई तीन दिवस त्याच फाटकावर बसल्या होत्या. फोटोच्या उजव्या कडेला बाबांच्या खांद्यावर एक हात दिसत होता, फोटो कापताना उरलेला. तो बाईंचा हात होता. चाळीस वर्षं पक्षासाठी दारं ठोठावणारे बाबा त्या दिवसापासून पक्षाचं नाव काढेनासे झाले.

जुलैत जिल्हाध्यक्ष मिसेस पास्टर्नाक यांनी दोन्ही गटांची ऑफिसं एक केली. घरोघरी प्रचाराला जाणाऱ्या प्रत्येक जोडीत एक आमचा, एक त्यांचा, असा त्यांचा नियम. त्यांनी माझ्या नावापुढे डेस्मंडचं नाव लिहिलं, आणि मला एकदम बरं वाटलं. बरं वाटलं याचाच राग आला. आठवडाभर मी धड बसू शकले नाही. तो समोरच्या खुर्चीत असला की यादीतली नावं चुकत, नसला की मी दाराकडे बघत राही.

तोही काही कमी नव्हता. उन्हात रस्ते पालथे घालताना मुद्दाम माझ्या बाजूनं चालायचा आणि म्हणायचा, सावली इकडेच आहे.

शुक्रवारच्या यादीत आमचंच घर होतं. मिसेस पास्टर्नाकनी ते मुद्दाम घातलं होतं. मी डेस्मंडला काही सांगितलं नाही. वाटलं, बाबा दार आपटतील, हा खांदे उडवेल, विषय संपेल.

बाबांनी दार उघडलं. डेस्मंड हसून बोलायला लागला... आणि मध्येच थांबला.

"तुम्ही फोटोत होता," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "तो फोटो मी निवडला. ओळही माझीच."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तो हात कुणाचा, माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. कुणालाही कळलं नसतं.

"होतं," डेस्मंड म्हणाला. "म्हणूनच फोटो तिथं कापला."

बाबांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. मी त्याला फुटपाथवरच सोडून निघाले. तो मागे आला नाही, तेही मला सहन झालं नाही.

रविवारी सरोवराकाठच्या बागेत पक्षाच्या एकजुटीची सहल होती. ब्रॅटवर्स्टचे जाडजूड सॉसेज भाजले जात होते, बॅंड वाजत होता, आणि आमचे लोक एका बाजूच्या बाकांवर, त्यांचे दुसऱ्या. टॅलमॅज यांच्या राज्य ऑफिसातून एक बडे साहेब आले होते. डेस्मंडला तिथं बढती मिळणार, अशी चर्चा होती. त्याला दोन मिनिटं स्वागताचं बोलायचं होतं. बाबांना मिसेस पास्टर्नाक हाताला धरून घेऊन आल्या होत्या. ते हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर बसले होते.

डेस्मंड माईकसमोर गेला, आणि स्वागत केलंच नाही. एप्रिलमधलं पत्रक खोटं होतं, ते त्यानं लिहिलं, फोटोतला हात कुणाचा ते ठाऊक असून फोटो कापला, असं त्यानं सरळ सांगितलं. कारखान्याच्या फाटकावर त्या बाई बसल्या होत्या, हेही सांगितलं. ज्यांना यामुळे मत न देता घरी बसायचं असेल त्यांनी बसावं, तो काही मागत नाही, असं म्हणून तो खाली उतरला. टाळ्या नाहीत. बॅंडवाल्यांना वाजवावं की नाही, तेच कळेना. बडे साहेब फोन कानाला लावून गाडीकडे निघाले.

संध्याकाळपर्यंत बातमी आली : डेस्मंडला कामावरून काढलं.

घरी बाबा थेट स्वयंपाकघरात गेले. मग पिएरोगी, म्हणजे सारणाच्या करंज्या, तळता तळता म्हणाले, "त्या पोराला गुरुवारी जेवायला बोलाव. माझ्या मताचं मी बघीन."

मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच – तो ओहायोला गेला असेल. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. काय म्हणणार होते मी? पहाटेपर्यंत कुशी बदलत राहिले.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच पोचले. तो दारात उभा होता, हातात स्वयंसेवकांचा अर्ज. पगार नाही, ओळखपत्र नाही, नुसता अर्ज. कुणाच्या हाताखाली काम करणार, त्या रकान्यात त्यानं माझं नाव लिहिलं होतं.

"गेला नाहीस?" मी विचारलं.

"गाडीत सामान भरलं होतं. मग काढलं." तो म्हणाला. "रेनाटा... मी तुझ्यासाठी थांबलो, असं म्हटलं तर चिडशील?"

मी अर्ज घेतला, पेन शोधलं, सही केली.

"पक्षासाठी थांबलो म्हणाला असतास," मी म्हटलं, "तर चिडले असते."