जास्तीचे धडे

दुधनीची एसटी तासभर उशिरा सुटली आणि रुपाली सोलापुरात बाळीवेशीत कीर्तन शिकवणाऱ्या बुवांच्या खोलीवर पोचली, तर तिथं बुवा नव्हतेच. वायरींच्या गुंत्यात एक तरुण मांडी घालून बसला होता.

"ओ लाऊडस्पीकरवाले, जोतिरामबुवा कुटं हायत?"

त्यानं मान वर केली. आधी डोळे हसले, मग बाकीचा तो. "पूजेला बसल्यात. आणि मी लाऊडस्पीकरवाला न्हाय. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो अन् बुवांच्या मागं तबला वाजवतो. शिवशरण."

रुपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदराचं टोक उगीचच बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "फोन भरलाय माझा. कीर्तनाचे धडे मावंनात."

"फोनात कशाला ठेवताय? सगळे धडे आता क्लाउडवर चढवायलोय. लांब कुठंतरी मोठाली कॉम्प्युटरं असतात, तिथं राहतील. तुमी दुधनीत बसून मागायचं, की धडा हजर."

"मागितल्या मागितल्या? देवसुद्धा एवढ्या लवकर देत न्हाय."

"देवाला दुधनीची रेंज लागत न्हाय ओ… मला लागती."

त्या दिवसापासून रुपालीची शिकवणी घरबसल्या सुरू झाली. सकाळी अंगणवाडीत पोरांना सांभाळायचं, संध्याकाळी गच्चीवर झांजा घेऊन उभं राहायचं. नेटवरून एकदम गायला गेलं तर तबला पुढं पळतो अन् गाणं मागं राहतं, म्हणून शिवशरण प्रत्येक धड्याला सगळ्यांसाठी एकच तबला आधीच वाजवून ठेवी. तो एका कानाला लावायचा, गायचं, आणि तबला जोडून आपलं गाणं आपल्या कप्प्यात चढवायचं. ज्याचा त्याचा कप्पा वेगळा. बुवा सवडीनं ऐकत आणि खाली दोन ओळी लिहीत. त्याखाली शिवशरणही लिही. कीर्तनकाराची गादी नारदाची, म्हणून तो तिला नारदच म्हणे.

"आज नारद जेवून आले न्हाईत वाटतं. आवाज बारीक लागलाय."

"नारदांनी चाळीस पोरांना खिचडी वाढली. स्वतःला उरली न्हाय."

"मग उद्या आख्यान जेवणानंतर ठेवा."

एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी तिचा जीव फोनात अडकलेला असायचा. ओळ आली की गच्चीवरचं ऊन मऊ वाटे. नाही आली की… सुपातले तांदूळ निवडता निवडता ती तांदूळ फेकून खडेच जपून ठेवी.

आठ महिने असे गेले. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुधनीच्या मारुतीपुढं तिचं पहिलं कीर्तन ठरलं. आणि नेमका त्याच्या आदल्याच आठवड्यात बुवांचा सगळ्यांना निरोप आला, 'क्लाउडवरची आपली जागा भरली. कुणीतरी जास्तीचे धडे ठेवलेत. रविवारी शोधून काढून टाकू.'

त्याच संध्याकाळी वेळापूरच्या केराबाईंचा फोन आला. साठीच्या बाई, पण शिकवणीत सगळ्यात हौशी. "पोरी, सुदाम्याचा धडा लावते. चुकलं तर सांग." त्यांनी धडा लावला अन् गाऊ लागल्या. रुपाली ऐकता ऐकता दचकली.

"केराक्का, 'मुठभर पोहे'नंतर तुमचा तबला थांबत न्हाय?"

"थांबंल कशाला? तबला हाय त्यो, एसटी न्हाय."

रुपालीनं आपला कप्पा उघडला. तिचा तबला तिथं थांबत होता. दोन मात्रा, चांगल्या मोकळ्या. मग तिनं दुसरा धडा ऐकला, तिसरा ऐकला… चाळीसच्या चाळीस धड्यांत तबला असाच मधे थांबत होता. म्हणजे जास्तीचे धडे तिचेच होते.

आधी गालांवर ऊन चढलं. मग वाटलं, आपला दम पुरत नाही म्हणून यानं कीव केली? आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं? आणि गुरुवारी गावचा तबलजी थोडाच थांबणार होता. चार दिवस तिला कशात गोडी वाटेना. अंगणवाडीत तिनं एकाच पोरीला दोनदा खिचडी वाढली. त्या पोरीनं मात्र तक्रार केली नाही.

रविवारी ती पहिल्याच गाडीनं सोलापुरात. शिवशरण कॉम्प्युटरपुढं बसला होता. बुवा आतल्या खोलीत सोवळ्यात.

"माझे धडे वेगळे का?"

त्याची बोटं थबकली. "कळलं व्हय…"

"दम पुरत न्हाय माझा, असंच ना? तोंडावर सांगायचं की. दया कशाला करायची?"

"पहिल्या तीन धड्यांना तुमचा दम खरंच पुरत नव्हता. तेवढ्यापुरतं केलं." तो खाली बघत म्हणाला. "चौथ्यापासून पुराया लागला."

"मग पुढचे सदतीस?"

त्यानं माऊस बाजूला सारला.

"तुमी गाता गाता मधेच हसता. सुदाम्याचे पोहे आले की, यशोदेनं कान धरला की… बारीकच हसता. पहिल्यांदा ते हसू तबल्याखाली दबून गेलं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तुमी जिथं हसाल तिथं जागा सोडत गेलो."

चार दिवसांचा राग रुपालीच्या हातात होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती.

आतून बुवांनी हाक दिली, "शिवशरण, सापडलं का रे जागा कोण खातंय?"

"सापडलं, बुवा."

"मग काढून टाक."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "काढा की. सगळे काढा."

त्याचा चेहरा उतरला. तो एकेक धडा पुसू लागला. पहिला, दुसरा, तिसरा… चाळिसावा पुसून होईस्तोवर ती त्याच्या खांद्यामागं उभीच होती.

"गुरुवारी मारुतीपुढं तबल्याला तुमी बसायचं," ती म्हणाली. "गावच्या तबलजीला मी येऊ नको म्हणून कालच सांगितलंय."

"काल? मी हे सांगायच्या आधीच?"

"नुसती दयाच निघाली असती, तर एकटीनं झांजेवर कीर्तन केलं असतं."

तो आता मोकळा हसला. "आणि गुरुवारनंतर?"

रुपालीनं पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून म्हणाली, "ते आमच्या आप्पांना विचारा. पहिल्या रांगेत बसत्यात… तबला नीट वाजवा म्हणजे झालं."