निसटबिंदू

सुपीठ घरघंटीच्या संकेतस्थळावर रोज दुपारी तीन वाजता एक लेख येई, आणि तो कोणत्याही दोन वाचकांना सारख्या लांबीचा दिसत नसे. ‘ज्वारीसाठी कोणती चाळणी?’ हा लेख साताऱ्याच्या एका घाईतल्या गृहिणीसाठी चाळीस शब्दांत संपला, तर नाशिकच्या एका प्राध्यापकासाठी सहाशे शब्दांत. दोघांनाही तो पुरेसा वाटला.

व्यवसायासाठी लिहिलेला लेख किती लांब असावा, यावर एके काळी मोठे वाद झडत. कोणी पाचशे शब्द म्हणे, कोणी दोन हजार. सुपीठच्या संशोधन विभागातल्या डॉ. मृदुला चौगुले यांनी तो वाद मिटवला. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो लहान लहान उड्या घेतो. मन मजकुरातून सुटण्याच्या काही क्षण आधी या उड्यांची लय बिघडते आणि पापणी किंचित जास्त वेळ मिटून राहते. या क्षणाला त्यांनी ‘निसटबिंदू’ असे नाव दिले. वाचकाच्या हातातल्या टॅबचा कॅमेरा तो क्षण येताना ओळखी आणि लेख वाढवणारे यंत्र त्याच्या एक वाक्य आधी लेख संपवी. लेखकाने केवळ साठ शब्दांचे ‘बीज’ लिहायचे. पुढचा विस्तार यंत्राचा.

“कणीक तीच,” डॉक्टर समजावून सांगत, “पोळी ज्याच्या त्याच्या भुकेएवढी.”

सुपीठची बीजे तन्मय गुळवणी लिहीत असे. इचलकरंजीच्या कारखान्यात मागच्या बाजूला त्याची खोली होती. भिंतीपलीकडे नव्या घरघंट्यांची चाचणी चाले आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या टेबलावर पिठाचा पातळ थर बसे. त्यावर बोटाने काहीबाही लिहून पुसून टाकण्याची त्याला सवय होती. साठ शब्द त्याला मानवत. तेवढ्यात माणसाला फारसे उघडे पडावे लागत नाही.

एका मंगळवारी डॉक्टर त्याच्या खोलीत आल्या आणि त्यांनी आपला टॅब त्याच्यासमोर धरला.

“हे बघ. कालचा चाळणीचा लेख. गडहिंग्लजचे रावसाहेब नेजकर. अकरा हजार शब्द झाले, रात्री डोळे मिटले म्हणून थांबले.”

“चाळणीवर अकरा हजार?”

“जात्यांचा इतिहास झाला, ज्वारीच्या जाती झाल्या. शेवटी यंत्र तुझ्यासारखंच पिठाच्या वासावर लिहीत बसलं होतं.”

तन्मय हळूच हसला. “म्हणजे लेख चांगला जमला म्हणायचा.”

“एवढा खूश होऊ नकोस. आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण मनाला निसटायचं तर जायला दुसरीकडे जागा लागते. कोणी हाक मारतं, दूध उतू जातं, नातवंडांची शाळा सुटते. यांना ओढून नेणारं काहीच नाही. आपल्याला वाटत होतं, लेखाची पकड मोजतोय. मोजत होतो ती बाकीच्या आयुष्याची ओढ.”

“असे किती वाचक आहेत, मॅडम?”

“चार हजारांवर. विक्री विभागाला असेच आणखी हवेत. या लोकांच्या लेखांना शेवटच ठेवू नका, म्हणतात. पण बीजात ‘अखेर’ लिहायचा अधिकार लेखकाचा. कुठे थांबवायचं, तू ठरव.”

दोन दिवस तन्मयला ठरवता आले नाही. दोनशे शब्दांवर थांबवले, तर हा माणूस उरलेल्या दुपारचे काय करील? थांबवले नाही, तर त्याचे उरलेले दिवस चाळणीतून गळून जातील. गुरुवारी त्याने घंटीच्या हमीपत्रावरचा रावसाहेबांचा पत्ता टिपून घेतला आणि गडहिंग्लजची एसटी पकडली.

दाराशी घंटी होती, पण ती वाजवायला त्याला संकोच वाटला. त्याने एकदा दारावर टकटक केली. परत फिरावे की काय, असा विचार करत तो काही क्षण उभा राहिला. मग पुन्हा एकदा टकटक केली.

दार उघडले ते उंच, ताठ कण्याच्या वृद्ध गृहस्थांनी. हातात टॅब तसाच होता.

“मी सुपीठ घरघंटीकडून आलोय.”

“घंटी झकास हाय की. तक्रार कुणी केली?”

“तक्रार नाही. मी... ते लेख लिहितो.”

रावसाहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “एवढं सगळं? एवढ्याशा अंगातनं?”

“माझे साठच शब्द असतात, काका. बाकीचे यंत्राचे.”

“ते म्हाईत हाय मला. सावकाश वाचलं की वाढतंय. मी मुद्दाम सावकाश वाचतो. या, बसा की.”

रावसाहेब तीस वर्षे एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर गाड्या पुकारण्याचे त्यांचे काम. पत्नी गेल्यावर भाकरी करायला शिकले, म्हणून घरघंटी घेतली. त्यांनी चहा टाकला आणि कोणत्या फलाटावर कोणती गाडी लागे ते सांगितले. तन्मयही बोलला. दोन तासांत तो महिनाभराइतके बोलला असेल.

“तुम्हाला या लेखांचा कंटाळा येत नाही?” निघताना त्याने विचारले.

“सुखात हाय मी.” रावसाहेबांनी टॅब उचलला आणि ते थबकले. “आरं, हे संपलंय की.”

लेख दोनशे बारा शब्दांवर संपला होता. बरोबर दार वाजले त्या क्षणी. परतीच्या गाडीत तन्मय खिडकीला डोके टेकून बसला. कितीतरी दिवसांनी त्याला शांत वाटत होते. अकरा हजार शब्दांच्या माणसाची योग्य लांबी दोनशे बारा होती. फक्त कोणीतरी यायला हवे होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा निरोप आला. त्या सगळ्या चार हजार वाचकांचे लेख आता दोनशे शब्दांच्या आसपास संपत होते.

“कसं काय?” तन्मयने त्यांच्या खोलीत जाऊन विचारले.

“समाधानाने झालेला शेवट यंत्र टॅबच्या माइकने टिपलेल्या आवाजासकट जपून ठेवतं आणि तसाच पुन्हा करून बघतं. हे ऐक.”

डॉक्टरांनी टॅबचा आवाज वाढवला. टकटक. मग एक अवघडलेला, लांब विराम. मग पुन्हा टकटक. तन्मयचे कान तापले. तो त्याचाच संकोच होता, आणि आता चार हजार घरांत वाजत होता.

“लोक दार उघडतात आणि बाहेर कोणीच नसतं,” तो म्हणाला. “चिडत असतील.”

“चिडत नाहीत. समाधान पूर्ण दिसतंय. विक्री विभागालाही हरकत नाही. माणूस परत येऊन उद्याच्या लेखाची वेळ बघतो.”

“हे खोटं आहे, मॅडम.”

“आहे. बीज तुझं. म्हणशील तर आज बंद करते.”

तन्मयने रावसाहेबांना फोन लावला.

“दार वाजलं, उघडलं, तर कोणी न्हाई,” ते उत्साहाने सांगू लागले. “समोरचा मुल्लाणीबी दार उघडून हुबा. त्याच्याकडंबी सुपीठच हाय. तो म्हणतो, तुमी वाजवलं? मी म्हणतो, तुमी? सहा वर्षांत पहिल्यांदा बोललो बघा. आता रोज दुपारी दोघं भाईर येतोय.”

“काका, ते दार खरं वाजत नाही. यंत्र वाजवतं.”

“कळतंय की मला. गाडी येणार न्हाई हे म्हाईत असूनबी पुकारायला लागायचं कधी कधी. लोकं उठायची, पिशव्या उचलायची, एकमेकांस्नी जागा द्यायची.”

“मग बंद करू का?”



“तू परत कधी येणार ते सांग आधी. मंग कर बंद.”

“गुरुवारी येतो,” तन्मय म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले होते. पण उरलेल्या चार हजार दारांशी तो कोणत्या गुरुवारी जाणार होता? त्याने डॉक्टरांना कळवले, की राहू द्या.

रविवारी दुपारी आपल्या भाड्याच्या खोलीत त्याने त्या दिवशीचा लेख स्वतः उघडला. आजवर त्याने स्वतःला कधी मोजू दिले नव्हते. नाचणीच्या पिठावरचे त्याचे साठ शब्द संपले आणि पुढे त्याच्याच आवाजात कोणीतरी सावकाश बोलत राहिले. वाचताना बरे वाटत होते. तासभर झाला, दीड तास झाला, यंत्राला त्याचा निसटबिंदू सापडत नव्हता आणि ओळी येतच होत्या.

मग दार वाजले. विराम. पुन्हा वाजले.

दारापलीकडे कोणी नाही, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तो उठला, आणि कडी काढण्यापूर्वी त्याने शर्टाची कॉलर सारखी केली.