नव्या धक्क्यावरचा भोंगा

मी रेडिओ दुरुस्त करतो. कुणी भुताखेतांचं सांगू लागलं की मी आधी वायरी तपासतो. त्या दुपारीही तेच केलं.

धुकं खिडकीला टेकलं होतं. ताई माझ्या टेबलाशी माइक धरून बसली होती आणि भाऊजी एकटेच होडी घेऊन परत येत होते. बंदराचा भोंगा जुन्या धक्क्यावर वाजतो आणि धुक्यात होडीवाले होडीचं नाक त्याच्याकडे ठेवूनच आत येतात. त्या दिवशी मात्र तो नव्या धक्क्यावर हलवला होता. भाऊजींना याचा पत्ताच नव्हता. सवयीप्रमाणे सरळ भोंग्याकडे आले, तर मध्ये खडक होते.

त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. भोंगा ऐकतोय, येतोच, असं ते सांगत होते. आमचं मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. बंदराचा मोठा रेडिओ सेट दुरुस्तीसाठी माझ्याकडेच उघडा पडलेला, त्यामुळे सगळी भिस्त माझ्या तळहाताएवढ्या रेडिओ-बोर्डावर. त्याचं बाकीचं काम लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं.

खिडकीत दुसरा, नुसता ऐकणारा रिसीव्हर होता; भाऊजींचा आवाज त्यातूनच येत होता आणि आमचा सिग्नलही मी त्याच्यावरच पाहत होतो. पडद्यावर उंच रेघ उभी राहायला हवी, तिथे जेमतेम उंचवटा. गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, पार शेवटापर्यंत नेला. केबल बदलली, अँटेना बदलली. रेघ ढिम्म. बोर्डावरचा अ‍ॅम्प्लिफायर जळालाय हे कळून चुकलं. मी ताईला थांब म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"अहो, भोंगा उजव्या हाताला ठेवा. नाकासमोर नको."

पुन्हा पुन्हा तेच, भाजी निवडता निवडता बोलावं तशा सुरात.

निदान डोळ्यांनी बघावं म्हणून मी बोर्डाची लॅपटॉपला जोडलेली वायर उपटली आणि त्याची डबी उघडली.

"हां, आला आवाज," भाऊजी म्हणाले. "अगदी शेजारी बसल्यासारखा. उजव्या हाताला ना?"

बोर्ड माझ्या हातात होता. गार पडत चाललेला.

पडद्यावर रेघ उभी होती. एवढी उंच मी कधी पाहिली नव्हती.

मी वायर परत जोडली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला.

ताई सांगत राहिली, ते वळत राहिले. खाली इंजिनाची घरघर आली, तशी ती माइक टाकून पळाली. मला रडूच फुटलं. इतका आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता.

खिडकीतून दोघं धक्क्यावर दिसली. ती काहीच बोलत नव्हती, त्यांची ओली बाही धरून नुसती उभी होती. बाकीच्या होड्या धुक्याआधीच परतल्या होत्या. समुद्रात आता आमच्यातलं कुणी नव्हतं.

मी रिसीव्हर बंद करायला हात पुढे केला.

"आता तुम्ही या," त्यातून ताईचा आवाज आला, तसाच शांत. "भोंगा उजव्या हाताला ठेवा."

थोड्या वेळाने धुक्यात दुसरं इंजिन ऐकू येऊ लागलं.