मागे राहिलेली साईडकार

रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. नऊ जानेवारी, एकोणीसशे शहाण्णव, मंगळवार. जनार्दनकाका ही गोष्ट सांगायला बसले की तारीख-वेळ आधी सांगतात. झाशीच्या रेल्वे कॉलनीत वीज गेलेली असते, शेगडीत कोळसे फुललेले असतात, पुतण्या मधु आणि त्याची बायको विद्या एकाच शालीत गुरफटून समोर बसलेली असतात. मग काका आवाज खाली आणतात.

"बापूराव माझा जिवलग. खोटं बोलायचा, पण फक्त बायकोशी. हे त्यानं मला सांगितलंय."

बापूरावांचा धंदा सामान बांधून रेल्वेनं धाडायचा. झाशीत बदल्यांची माणसं फार. कुणाचं कपाट नागपूरला, कुणाची स्कूटर जबलपूरला. बापूराव पेंढा लावत, वरून गोणपाट शिवत, काळ्या रंगानं नाव-गाव लिहीत आणि गाडीत चढवून देत. स्टेशनामागे त्यांची पत्र्याची शेड होती आणि एक हातठेला होता.

त्या आठवड्यात त्यांना पुण्याहून फोन आला. रामकृष्ण पागे नावाचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवत. त्यांनी झाशीच्या सिविल लाइंसमधून एक मोटारसायकल विकत घेतली होती, चाळीस-एक वर्षांपूर्वीची, साईडकारसकट.

"काका, साईडकार म्हणजे ती बाजूची टोपली ना?" मधु विचारतो.

"टोपली नाही रे, डोलीच म्हण. एक चाक, एक गादी, पुढे लहानशी काच. मोटारसायकलला बाजूनं बोल्टांनी जोडलेली. तू नसता मावलास त्यात."

विद्या हसते. काका पुढे सांगू लागतात.

गाडी विकणाऱ्या बाई लीलाकाकू. नवरा हरिभाऊ मागच्या वर्षी गेले होते. मुलगा त्यांना ग्वाल्हेरला न्यायला निघाला होता, तिथे दोन खोल्या, गाडी ठेवायची कुठे? बापूराव माप घ्यायला गेले तेव्हा काकूंनी चहा दिला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"बांधताना दोन्ही वेगळं करावं लागतं का हो?"

"करावंच लागतं. अख्खी जोडी डब्याच्या दारातून जात नाही. मोटारसायकल एक नग, साईडकार दुसरा नग. तिकडे पोचल्यावर चार बोल्ट कसले की झालं."

"मग एवढं एकच बघा. दोन्ही एकाच गाडीत जाऊ द्या."

"जातील की."

"मागे-पुढे नको. मला शब्द द्या, बापूरावजी."

"दिला. अहो काकू, रोजचंच काम आहे हे."

त्या आणखी काही बोलणार होत्या, पण आतून मुलानं हाक मारली.

मंगळवारी बापूरावांनी टाकीतलं पेट्रोल काढलं, बोल्ट सोडले, दोन्ही नग नीट बांधले. संध्याकाळी ठेल्यावरून फलाटावर आणले. थंडी अशी की दिव्यांभोवती धुकं साचलेलं. पुण्याकडची गाडी आली, सामानाच्या डब्याचं दार उघडलं, हमालानं आत डोकावून पाहिलं.

"भैया, जगा एकई की है. दूसरो काल धर देहैं."

जागा एकाच नगाची, दुसरा उद्या ठेवू, असं तो म्हणत होता. बापूरावांनी विचार केला. दोन्ही थांबवावेत आणि उद्या धाडावेत, असं मनात आलं. पण मग दोन्ही नगांची रात्रभर राखण आली. घरी चार वर्षांची पोरगी जेवायची थांबली असेल. आणि उद्याचा नग परवा पोचतोच. असं त्यांनी शंभरदा केलं होतं.

"चढव मोटारसायकल," ते म्हणाले.

दार बंद झालं. गाडी हलली. आठ वाजून दहा मिनिटं.

साईडकार पुन्हा ठेल्यावर घालून बापूराव एकटेच शेडकडे निघाले. मालगाड्यांच्या रुळांच्या कडेनं कच्चा रस्ता. उजेड नाही. ठेल्याचं चाक कुरकुरत होतं. मधे ते दम खायला थांबले. चाकाचा आवाज थांबला.

आणि मागून कुणीतरी म्हणालं,

"बाबा, आहात ना?"

बापूराव वळले. रस्ता मोकळा. रुळांवर कुणी नाही. वाटलं, पलीकडच्या चाळीतलं पोर असेल. पण झाशीत, त्या रस्त्यावर, मराठीतून?

त्यांनी ठेला ओढला. जरा जोरात ओढला.

"बाबा…"

आवाज गोणपाटातून येत होता.

लहान मुलीचा. घसा बसलेला, तापातल्या मुलाचा असतो तसा. रडत नव्हती ती. नुसती विचारत होती.

"आहात ना?"

बापूरावांच्या हातातली दांडी सुटली. ठेला पुढे कलला. आतून बारीक दचकल्यासारखा श्वास आला… मग काहीच नाही. त्यांना पळायचं होतं. पाय उचलेना. शिवण त्यांनीच घातली होती. सुतळीची गाठ त्यांचीच. आत गादीखेरीज काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाबा?"

आता आवाज हलला. रडू फुटायच्या आधी मुलांचा हलतो ना, तसा.

काका इथे शेगडीतले कोळसे हलवतात. कोळसा फुटतो. विद्या मांडीवरच्या लेकीच्या पायांवर शाल ओढते.

"मग काय केलं त्यांनी?" ती विचारते.

"काय करणार. घरात त्याच्या पोरीनं अंधारात असंच विचारलं तर तो काय म्हणायचा? तेच म्हणाला. तोंडातून निघून गेलं."

"आहे ग," बापूराव म्हणाले.

गोणपाट शांत झालं.

त्यांनी ठेला शेडमध्ये नेला. कंदील लावला. घरी जावं म्हणून दाराशी गेले… मागून हाक. परत आले. "आहे ग." शांत. दहा मिनिटं. पुन्हा हाक. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा. दर वेळी आवाज थोडा जास्त बारीक. बापूराव पोत्यावर बसून राहिले. भीती केव्हा गेली, त्यांना कळलं नाही. रात्री दोनच्या पुढे त्यांना एकच धाक राहिला होता, आपला डोळा लागला तर?

पहाटे साडेपाचला शेवटची हाक आली. मग उजाडलं.

बापूराव तोंड न धुता सिविल लाइंसला गेले. लीलाकाकूंनी दार उघडलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मागे राहिली ना?"

"काकू, माझी चूक झाली."

"बोलली?"

बापूरावांनी मान हलवली. काकू खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

चौतीस वर्षांपूर्वी ही मंडळी समथरला राहत होती. हरिभाऊ तिथे शाळेत मास्तर. थोरली कांचन, सहा वर्षांची. तिची जागा साईडकारमध्ये ठरलेली, दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. त्या माघात काकू बाळंत झाल्या, मुलगा झाला. सातव्या दिवशी कांचनला ताप भरला, घशात आतून सूज. वैद्य म्हणाला, झाशीला न्या, आत्ताच.

"मला तिला मांडीवर घेऊन बसायचं होतं हो. सासूबाई दारात आडव्या झाल्या. बाळंतिणीनं दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. सोयर आहे, थंडी आहे, अंगावरचं बाळ आहे. मीही ऐकलं. ऐकलं मी. गोधडीत गुंडाळून तिला एकटीला साईडकारमध्ये बसवलं. अंधाराला फार भ्यायची. म्हणाली, आई, बाबा दिसत नाहीत इथून. मी म्हटलं, हाक मार, ते ओ देतील."

रस्ताभर ती हाक मारत होती. रस्ताभर हरिभाऊ ओ देत होते. झाशीचे दिवे दिसायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की बराच वेळ हाक आलेली नाही.

"त्यांनी गाडी कधी विकली नाही. रात्री अंगणात जाऊन बसायचे. मी विचारलं नाही कधी. खिडकीतून ऐकू यायचं, हे मधेमधे म्हणतायत, आहे ग, आहे ग. मला वाटायचं, दुःखानं बरळतात."

"तुम्हाला तिची हाक ऐकू यायची?"

"नाही. मला कधीच नाही." काकूंनी पदर तोंडाशी धरला. "आणि ते गेले त्या दिवसापासून अंगणही गप्प. म्हणून मला वाटलं, दोघं एकत्र आहेत आता, त्या गाडीवरच आहेत. म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं, मागे-पुढे करू नका."

त्या संध्याकाळी लीलाकाकू फलाटावर आल्या. मुलाला काय सांगून आल्या देव जाणे. गोणपाटाशेजारी जमिनीवर बसल्या. सहापासून आठपर्यंत त्या हळू आवाजात बोलत होत्या. कांचे, मी आहे. कांचे, आई आहे इथे. येणारे-जाणारे बघत होते. त्या हात फिरवत होत्या गोणपाटावर.

आतून काही आलं नाही.

गाडीचा दिवा दिसला तेव्हा त्या उठल्या. "रुसलीय ती माझ्यावर. आले नाही ना बरोबर."

बापूराव म्हणाले, "रुसली नाही, काकू. तिच्या लेखी तुम्ही घरी आहात, बाळाजवळ. घरातल्या माणसाला रस्त्यातून कोण हाक मारतं?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.  मग त्या वळल्या आणि जिन्याकडे निघाल्या, आणि दोन पायऱ्यांवर थांबल्या. मागे न बघता, कान देऊन.

बापूरावांनी साईडकार चढवली आणि स्वतःही त्याच गाडीत चढले. सामानाच्या डब्यात बसू देत नाहीत. ते शेजारच्या जनरल डब्यात, दाराशी, उकिडवे. मधल्या पत्र्यावर कान ठेवून. प्रत्येक स्टेशनात उतरायचे, सामानाच्या डब्याच्या बंद दाराशी तोंड न्यायचे. भोपाळ. इटारसी. भुसावळ. "आहे ग."

एका गार्डानं विचारलं, "अंदर कौन है, भाई?"

"मुलगी आहे," असं ते मराठीतच बोलून गेले.

उजाडलं तरी बंद डब्यात काळोखच, हाका येतच होत्या. मनमाडनंतर त्या लांबल्या. अर्ध्या तासानं एक. मग तासानं. नगरला त्यांनी दाराशी तोंड नेलं, ओ दिली… हाक नव्हतीच. त्यांनी तरी दिली. पुन्हा दिली. आत सामसूम. चौतीस वर्षांपूर्वी हरिभाऊंना झाशीचे दिवे दिसले असतील तेव्हा काय झालं असेल, ते बापूरावांना तिथे कळलं. फलाटावर उभे राहून ते रडले. गाडी सुटायला लागली तसे धावत चढले.

पुण्याला रामकृष्ण पागे पान्हे घेऊन हजर होते. बापूरावांनी निघतानाच फोन करून बजावलं होतं की मोटारसायकल तशीच बांधलेली राहू द्या, दोन्ही एकदमच सोडू. स्टेशनाबाहेरच्या आवारात, रात्री अकराला, दोघांनी मोटारसायकल उभी केली. दोन्ही गोणपाटांना फक्त बोल्टांपुरती चीर दिली. एक बोल्ट. दुसरा. तिसरा. चौथा कसला.

कुठे काही आवाज नाही.

"झालं," पागे म्हणाले. "आता सोडा की वरचं बांधलेलं."

बापूरावांनी दोन्हीकडची सुतळी कापली. गोणपाट ओढलं, पेंढा काढला. जानेवारीतली रात्र. साईडकारचा पत्रा बर्फासारखा, हात लावला की चटका बसावा असा. मोटारसायकलची सीट तशीच गार.

साईडकारची गादी ऊन होती.

मधोमध, हातभर जागा. थोडी दबलेली. झोपलेलं मूल नुकतंच कुणी उचलून घेतलं की अंथरूण लागतं, तशी. पाग्यांनीही हात ठेवला. 

"बापूराव," त्यांनी विचारलं, "इथे कोण होतं?"

काका पुढे सांगत नाहीत. पुढे नाहीच काही. विद्या लेकीला छातीशी धरून बसलेली असते. मधु तेवढ्यात विचारतो की खरंच का. काका फक्त एवढं म्हणतात,

"स्टेशनवर सामान बांधणारे तुझ्या ओळखीचे आहेत ना रे मधु? त्यांना सांग. जोडीची गाडी सुटी करावी लागली तर दोन्ही नग एकाच डब्यात चढवा. जागा नसली तर दोन्ही थांबवा, एक रात्र राखण करा, पण एक पुढे आणि एक मागे असं धाडू नका. आणि त्यांना म्हणावं, हे पुढच्या स्टेशनातल्यांनाही सांगा."