ढेपेच्या दुकानातला सर्व्हर

मी दुकानाकडून भिंतीच्या भोकात वायर ढकलत होतो. ती अडकली. मग पलीकडून कोणीतरी हळूच ओढली.

"आली का?" मी विचारलं.

"आली… पण कोणाकडे आली, ते तर विचारा!"

पलीकडे हर्षा होती. माझी बायको. लग्नाला महिना झाला होता आणि आमचं हे पहिलं धड बोलणं.

आर्वीला आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान, मागे घर. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायचं नाही, ही घरची रीत. रात्रीही पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे आईबाबांची खाट. कूस बदलली तरी ऐकू जायचं. हर्षा सिंदी गावची, बी.कॉम. झालेली, म्हणून बाबांनी आतल्या खोलीत तिला बिलं करायला कॉम्प्युटर दिला होता; दुकानात माझा होताच.

२००५ साल होतं. इंटरनेट लावलं की दुकानाचा फोन अडकायचा. मी एक जुना कॉम्प्युटर गोदामात ठेवला, त्यावर लिनक्स टाकलं आणि निरोपांसाठी आमचा स्वतःचा सर्व्हर उभा केला; ती वायर त्याचीच. बाहेरची कंपनी नाही, फोन नाही. प्रत्येकाला पासवर्ड, वाटेत कोणी वाचू नये म्हणून एन्क्रिप्शन.

"भाव घराबाहेर जाणार नाई," मी बाबांना सांगितलं. ते खूश.

मी लिहिलं, "किती पोत्यांचं बिल झालं?"

"बाराचं. हे कोणी वाचते का?"

"कोणीच नाई."

"मंग सांगते. जेवताना तुम्ही माह्याकडे पाहता, आत्याजीले दिसते." ती आईला आत्याजी म्हणायची, बाबांना मामाजी.

"मंग पाहू नको?"

"पाहा ना… पण घास तोंडात घाला, नाकात नका घालू."

मी दुकानात एकटाच हसलो. गिऱ्हाईक बघत राहिलं.

ती असं रोज काहीतरी लिहायची. मी मात्र पोत्यांवरच राहायचो. 'तू मले आवडते' एवढं टाइप करायचो आणि पुसून टाकायचो. वाटायचं, घाई काय… घरातच तर आहे.

आखाडीच्या सणाला तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. ढेपेची गाडी आली होती, मी गोदामात उतरवून घेत होतो. दुकानातला माझा निरोपांचा पडदा उघडाच राहिला आणि गल्ल्यावर बाबा येऊन बसले. हर्षाने आतून लिहिलं:

"आखाडी झाली की मी परत येऊ का? तुम्ही एकदा म्हणा. नाई तर तिकडंच बी.एड. करते. या घरात मी कोणाले पाहिजे, तेच समजत नाई."

बाबांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत उत्तर दिलं:

"ये पोरी. त्याले बोलता येत नाई. तो माह्यावर गेला."

मी आलो तेव्हा ती निघून गेली होती. बाबा गल्ल्यावरून उठले. पडद्यावर मी दोन्ही निरोप वाचले.

तिसऱ्या दिवशी मी सिंदीला गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मामाजीचं उत्तर आलं," ती म्हणाली. "तुमचं?"

"चाल ना घरी."

"एवढंच?"

"…हो."

तिने ओला टॉवेल माझ्या अंगावर झटकला आणि हसली. "चला. मी मामाजीच्या शब्दावर येऊन राह्यली, ध्यानात ठेवा."

पुढे बाबा गेले, आई गेली, पार्टिशन काढलं. आता कोणापासून लपवायचं नव्हतं. सर्व्हर मी बंद केला. हर्षा म्हणाली, "राहू द्या की." मी म्हणालो, "आता कशाले? समोरच तर असतो." समोरासमोर आम्ही दुधाचं, भाजीचं, पोत्यांचं बोललो. चांगला संसार झाला. ते तेवढं राहून गेलं.

मागच्या वर्षी ती दवाखान्यात होती. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी आत आलो, स्टुलावर बसलो आणि सुरू झालो. तू मले आवडते, पहिल्यापासून आवडते, सिंदीले तेच सांगाले आलो होतो… थांबलोच नाही.

तिने माझा हात दाबला.

"अहो, हळू… बाजूच्या खाटेवरची बाई ऐकून राह्यली."

मी गप्प झालो.

गप्प व्हायला नको होतं.