बर्फावर कुणी दार वाजवलं तर…

ही रचलेली कथा नाही. घडलेली गोष्ट आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो वेंडेल कांगस माझा शेजारी. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. मासा केवढा होता हे सांगतानासुद्धा हा माणूस खरं बोलतो, आता बोला! त्याने मला हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

गेल्याच्या आदल्या वर्षीचा जानेवारी. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला आमचा ग्रेहॉर्न तलाव आहे. तो तेव्हा असा गोठला होता की त्याच्यावरून ट्रक बिनधास्त ये-जा करत होते.

वेंडेलचे वडील रेनो. वय ऐंशीच्या पुढे. सगळे हिवाळे त्यांनी बर्फावर गळ टाकून काढलेले. पण आदल्या वर्षी कापडी तंबूत बसून न्यूमोनिया झाला, आणि डॉक्टरने बर्फाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं.

तेव्हापासून ते खिडकीशी बसायचे. तलावाकडे बघत. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी.

बाबा आजाराने नाही, घरात बसून चाललेत, हे वेंडेलला दिसत होतं.

उपाय त्याच्या डोक्यात होता. ट्रेलरवर खोली बांधायची. चार पक्क्या भिंती, गॅसची शेगडी, बसायला बाक, जमिनीत झाकणाची भोकं. तलावावर ओढत न्यायची, चाकं वर उचलायची, की खोली थेट बर्फावर बसते. मग आतल्या आत गिरमिटाने बर्फ पोखरायचा आणि उबेत बसून मासे धरायचे. अंगणात जुन्या बोटीच्या ट्रेलरचा सांगाडा पडलेलाच होता.

पण घोडं अडलं होतं ते त्याची बायको मार्लिस हिच्यापाशी.

"बांध, हौसेनं बांध," ती म्हणाली. "आणि उन्हाळ्यात तो डबा माझ्या टोमॅटोवर सावली धरून उभा राहील. मी काय त्यात कोंबड्या पाळू?"

"अगं, बाबांसाठी म्हणतोय."

"मीही त्यांच्यासाठीच म्हणतेय. गेल्या वर्षी रात्रभर त्यांच्या छातीची घरघर कुणी ऐकली? तू घोरत होतास. भर तलावात काही झालं तर काय करशील, माशांना हाक मारशील?"

तिचंही खोटं नव्हतं. वेंडेल रोज सांगाड्याभोवती फेरी मारायचा आणि घरात यायचा.

शेवटी त्याचा मित्र ऑरिन ट्वीट म्हणाला, "अरे, आधी बसून तर बघ! माझी खोली तलावावर रिकामीच आहे. म्हाताऱ्याला एक संध्याकाळ ने. त्याला मानवलं तर बांध, नाहीतर विषय संपला."

"तू कधी घेतलीस खोली?"

"मागच्या शरदात, एका बाईकडून. तिचा नवरा गेला."

"कशाने गेला?"

"विचारलं नाही बुवा. चांगली मिळत होती, गप्प बसलो."

त्या शनिवारी बापलेक निघाले. मार्लिसने तोंड फुगवून का होईना, वेलदोड्याचा गोड पाव आणि थर्मासभर कॉफी बांधून दिली. जानेवारीत आमच्याकडे दुपारची कॉफी संपेतो अंधार पडतो. ते पोचले तेव्हा लांबवर इतरांच्या खोल्यांचे दिवे लागले होते. कुणाचा तरी जनरेटर घुरघुरत होता.

शेगडी पेटली. खोली तापली. रेनोंनी कोट काढला, मग स्वेटर काढला.

"अरे, इथं तर मी बनियनवर बसेन!" ते म्हणाले. "मार्लिसला सांगू नकोस, पण तिच्या स्वयंपाकघरापेक्षा इथं ऊब आहे."

"मी सांगतो का? मला घरी राहायचंय."

म्हातारा खदखदून हसला. वर्षभरात पहिल्यांदा. थोड्याच वेळात त्यांनी एक चांगला जाडजूड मासा वर ओढला आणि लहान पोरासारखा लेकाच्या नाकासमोर नाचवला. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं… बांधायची. उद्यापासूनच सुरुवात.

तेवढ्यात भिंतीवरची घंटी वाजली.

टिंग…

या खोल्यांत प्रत्येक भोकाच्या वर भिंतीला एक रीळ असतं, त्याला छोटी घंटी. मासा लागला की दोरा पळतो आणि घंटी वाजते. या दोघांनी दाराजवळची दोन भोकं पाडली होती. वाजली ती बाकाजवळची घंटी. तिथलं झाकण बंद होतं. त्याखालचा बर्फ अख्खा होता.

आणि रिळाला दोराच नव्हता…

"बघ, बघ, लागला!" रेनो म्हणाले.

"बाबा, तिथं गळच टाकला नाही."

"मग वारा असेल."

बंद खोलीत कसला वारा? पण वेंडेलने मान डोलावली. बाबांची मजा त्याला मोडायची नव्हती.

मग दार वाजलं.

ठक… ठक…

"या, या! दार उघडंच आहे!" रेनो ओरडले.

इथं एक सांगायला हवं. बर्फावर कुणी दार वाजवलं तर आमच्याकडे 'कोण?' असं विचारत नाहीत. वाजवणारा गारठलेला असतो, वाट चुकलेला असतो, कधी बर्फ फुटून पाण्यात पडून कसाबसा वर आलेला असतो. आधी त्याला आत घ्यायचं, हातात कॉफी द्यायची, नावगाव मग. जुनी माणसं ही रीत जिवापाड पाळतात.

पण आत कुणीच आलं नाही.

वेंडेलने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. संध्याकाळी पडलेला भुसभुशीत बर्फ तसाच गुळगुळीत होता. पावलं फक्त त्यांचीच, ट्रकपासून दारापर्यंत.

आणि लांबचे दिवे…

एकही दिवा नव्हता. जनरेटरचा आवाजही नव्हता. सगळा तलाव जणू रिकामा झाला होता.

त्याने पटकन दार लावलं. कडीवर हात तसाच होता.

ठक… ठक…

दार हललं नाही. त्याच्या हाताला काहीच जाणवलं नाही. आवाज त्याच्या मागून आला होता. जमिनीतून.

बाकाजवळच्या बंद झाकणाखालून…

"बाबा, उठा. आपण निघू."

"अरे, थांब जरा. कुणी आलंय ना!" म्हाताऱ्याला आवाज कुठून येतोय याचा पत्ताच नव्हता. "या हो, लाजताय काय? आत या!"

झाकण उघडलं नाही. दारही उघडलं नाही. शेगडीची ज्योत मात्र एकदम खाली बसली. वेंडेलच्या घोट्यांना गार हवा लागली, आणि ती हळूहळू वर चढू लागली.

रेनो बाकावर सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा केली.

"बसा," ते म्हणाले.

थर्मासच्या झाकणात त्यांनी कॉफी ओतली आणि रिकाम्या जागेसमोर धरली. वेंडेल बघत राहिला. बाकाची गादी एका जागी दबली होती. दबलेली जागा काळपट होत गेली. ओली… मग तिथून पाणी गळायला लागलं. थेंब थेंब, जमिनीवर.

"बराच वेळ बाहेर होतात वाटतं?" रेनो विचारत होते. मग ऐकत होते. मग मान हलवत होते. "अरेरे… इतकी वर्षं? कुणीच दार उघडलं नाही? नाही नाही, हा माझा मुलगा. जरा बुजरा आहे."

वेंडेलने पुढचं काही ऐकलं नाही. बापाच्या अंगावर कोट टाकला, त्याला उचललं आणि ट्रक गाठला. गळ, मासा, पाव, सगळं तिथंच राहिलं.

रस्ताभर म्हातारा संतापला होता. "पाहुणा बसलेला असताना उठून जातात? हेच शिकवलं मी तुला? लाज आणलीस!"

काठाला लागल्यावर वेंडेलने मागे पाहिलं. तलावावर सगळे दिवे लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो ऑरिनला घेऊन परत गेला. शेगडी ठीक होती. विषारी हवेचा इशारा देणारं यंत्र ठीक होतं. बंद झाकणाखालचा बर्फ अखंड, एक ओरखडाही नाही. पण बाकाची गादी एका जागी गोठून लाकडासारखी कडक झाली होती. थर्मासचं झाकण बाकावर होतं, रिकामं.

"तुझं डोकं फिरलंय," ऑरिन म्हणाला. पण तो स्वतः उंबऱ्याच्या आत आला नाही. आठवडाभरात त्याने ती खोली तलावावरून काढून नेली. कुठे नेली, ते कुणालाच सांगत नाही.

वेंडेलने ठरवलं, खोली बांधायची नाही. कधीच नाही.

रेनो पुन्हा खिडकीशी बसले. आता ते दोन घासही खाईनात. रोज एकच विचारायचे, "खोलीचं काय ठरलं?" वेंडेल विषय बदलायचा आणि मनातून तुटायचा. म्हातारा डोळ्यांदेखत वाळत चालला. शेवटी एप्रिलमध्ये मार्लिसच म्हणाली, "बांध रे बाबा. माझे टोमॅटो गेले खड्ड्यात. त्यांना असं बघवत नाही."

तिला त्याने त्या संध्याकाळबद्दल सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

त्याने खोली बांधली. झकास बांधली. फक्त जमिनीत एकही भोक ठेवलं नाही.

"मासे काय छपरावरून धरणार?" मार्लिस म्हणाली.

"बाबांना बसू तर दे. भोकं नंतर पाडू."

रेनोंना हाताला धरून आत आणलं. त्यांनी भिंती चाचपल्या, बाकावर बसून पाहिलं. चेहरा नुसता फुलला होता. मग त्यांची नजर जमिनीवर गेली. वेंडेलने थाप तयार ठेवली होती, आयुष्यातली पहिली.

तिची गरजच पडली नाही.

"बरं केलंस," म्हातारा म्हणाला. "भोकं त्याला लागतच नाहीत. बोलावलं तर दारानेच येईन म्हणाला."

"कोण, बाबा?"

"नाव नाही विचारलं. रीत नाही ती."

सगळा उन्हाळा रेनो त्या खोलीत बसले. अंगणात, टोमॅटोच्या वाफ्याशेजारी. चांगले जेवायला लागले. गालांवर रंग आला. मार्लिस गावभर सांगत सुटली की मीच चुकले होते. मीही रेनोंना त्या दिवसांत हसताना ऐकलंय. वेंडेल मात्र भिंतीजवळून जाताना थबकायचा. आत बाबा बोलायचे… मग थांबायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकून घ्यावं तेवढंच थांबायचे. मग पुन्हा बोलायचे.

एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "तो तुझी चौकशी करतो. म्हणतो, मुलाने मला अजून 'या' म्हटलं नाही."

वेंडेलच्या हातातला चमचा खाली पडला. मार्लिसने म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून दिलं.

ऑक्टोबरात, तलाव गोठायच्या आधीच, रेनो गेले. स्वतःच्या पलंगावर, झोपेत, शांतपणे. असं मरण कुणालाही यावं.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, वेंडेल खोली मोडायला गेला. हत्यारं घेऊन आत शिरला, दार लावून घेतलं, आणि बाबांच्या जागेवर जरा टेकला. बापाची आठवण आली. तो मोकळेपणाने रडला.

तेव्हा दार वाजलं.

ठक… ठक…

या वेळी आवाज दारातूनच आला होता.

जिभेवर शब्द आलाच होता त्याच्या. जन्माची सवय. 'या' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

पुन्हा दार वाजलं. हळू. थकलेल्या माणसाने वाजवावं तसं…

मग बराच वेळ काही नाही.

मग एकदाच… ठक.

तो तसाच बसून राहिला. मार्लिस जेवायला बोलवायला आली आणि तिने दार ढकललं, तेव्हाच तो हलला. तिला अंगणात कुणी दिसलं नव्हतं.

ती खोली आजही तिथंच उभी आहे. वेंडेल ती मोडत नाही, विकत नाही, आत जात नाही. भीती वाटते म्हणून, असं मी समजत होतो. पण परवा माझ्याकडे बसला असताना तो अचानक म्हणाला, "दारात बाबांचा तो पाहुणा असेल तर सुटलो म्हणायचं. पण मला सारखं वाटतं… ते बाबा असतील तर? बाहेर गारठ्यात उभे राहून त्यांनी तीनदा दार वाजवलं असेल, आणि मी त्यांना आत घेतलं नसेल तर?"

मी त्याच्या कपात कॉफी ओतली.

या हिवाळ्यापासून माझं दार वाजलं की मी आधी 'कोण?' असं विचारतो. आमच्या जुन्या माणसांना हे मुळीच आवडलं नसतं.